काळी जमीन ओळखताना: मूठभर माती, वर्षभराचे आभाळ आणि शेताचा उतार

महाराष्ट्रातल्या जुन्या गावव्यवहारात गावाचे दोन भाग मानले जात. घरे जिथे वसतात ती पांढरी आणि पीक जिथे येते ती काळी. शेतसारा काळीचा, वस्तीचे हक्क पांढरीचे, असा हिशेब असे. या शब्दांकडे आपण आज केवळ महसुली परिभाषा म्हणून पाहतो. पण मातीचा अतिशय नेमका अनुभव त्यांच्यामागे आहे. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, जी माती टाकतात ती पांढरीची असते. काळी माती माळवदावर टाकली, तर उन्हाळ्यात ती भेगाळेल, पावसाळ्यात फुगेल आणि पहिल्याच पावसात घर गळू लागेल. म्हणजे पिकाला जी माती उत्तम, ती घराला घातक, हे आपल्या पूर्वजांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळलेले होते. असे का होते, याचे उत्तर मातीच्या घटकांत, तिथल्या हवामानात आणि ती माती उतारावर कुठे बसली आहे यात मिळून सापडते. यांपैकी एकच गोष्ट पाहून जमीन ओळखू गेले, तर फसगत ठरलेली आहे.

सर्वांत जास्त फसवतो तो रंग. माती काळी दिसली की ती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली आणि म्हणून कसदार, असा समज सर्रास आढळतो. थंड प्रदेशांतल्या काही गवताळ जमिनींच्या बाबतीत तो खरा आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत मात्र सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आत असतो आणि वर्षानुवर्षे कसलेल्या शेतात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासही आढळतो. जो थोडा सेंद्रिय अंश असतो तो अतिसूक्ष्म चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतो आणि त्या जोडीमुळे माती गडद दिसते. म्हणून काळा रंग पाहून शेणखताचा हात आखडता घेणे ही मोठी चूक ठरते. या जमिनीत पालाश बहुधा बऱ्यापैकी असते. नत्र, उपलब्ध स्फुरद आणि जस्त यांची मात्र वारंवार कमतरता भासते. मातीत चुना जास्त असला, की लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

रंग बाजूला ठेवून मूठभर माती हातात घ्यावी. पाणी शिंपडून ती चांगली मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टीसारखी पुढे सरकवावी. वाळूमिश्रित मातीची पट्टी होतच नाही, मध्यम मातीची दोन-तीन सेंटीमीटरवर तुटते. भारी काळ्या मातीची पट्टी मात्र पाच सेंटीमीटरच्याही पुढे लोंबत राहते, बोटांना मेणासारखी लागते आणि हात धुताना सहज सुटत नाही. हा चिकटपणा चिकणमातीचा आहे. ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना मृदाशास्त्रात चिकणमाती म्हणतात आणि भारी काळ्या जमिनीत तिचे प्रमाण सहज निम्म्यावर जाते. परंतु नुसत्या प्रमाणाने गोष्ट पूर्ण होत नाही, कारण चिकणमातीतही जाती आहेत.

काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचे मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातले असते आणि त्यातले माँटमोरिलोनाइट हे नाव अनेकांनी ऐकलेले असेल. याचा एकेक कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. दोन पापुद्र्यांमधली पकड इतकी सैल असते, की पाणी मध्ये शिरते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात; पाणी गेले, की ते पुन्हा जवळ येतात. वहीची पाने ओली झाल्यावर वही जाड होते, साधारण तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे एका ग्रॅम खनिजाच्या सर्व पापुद्र्यांची पृष्ठे पसरून मोजली, तर ती ७००-८०० चौरस मीटर भरतात. कोकणातल्या जांभ्या मातीत प्रामुख्याने असणारे केओलिनाइट हे खनिजही चिकणमातीच आहे, पण त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत वाट मिळत नाही आणि एका ग्रॅमचे पृष्ठफळ १०-२० चौरस मीटरच्या घरात राहते. पृष्ठ जितके मोठे, तितके कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम धरून ठेवण्याची ताकद मोठी. काळ्या जमिनीचा खरा कस या पृष्ठांवर बसलेला असतो.

हा फुगण्याचा गुण डोळ्यांनी पाहता येईल अशी एक साधी चाचणी बांधकाम क्षेत्रात वापरली जाते. वाळवून, बारीक चाळून घेतलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांमध्ये घालतात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल. नळ्या ढवळून, हवेचे बुडबुडे काढून दिवसभर ठेवल्या, की रॉकेलच्या नळीतली माती जशी होती तशी तळाशी बसलेली दिसते, कारण रॉकेल पापुद्र्यांमध्ये शिरू शकत नाही. पाण्याच्या नळीतली तीच १० ग्रॅम माती मात्र फुगून वर आलेली असते. दोन्ही उंचींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांहून अधिक निघाला, तर ती माती पायासाठी अत्यंत धोक्याची समजतात आणि अस्सल भारी काळी माती ही मर्यादा सहज ओलांडते. भिंतींना दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून जाणारे तिरके तडे, उचलली गेलेली फरशी, लाटांसारखा झालेला रस्ता या सर्वांच्या मुळाशी हेच फुगणे आणि आकसणे असते. म्हणूनच पाया हंगामी ओलाव्याच्या पट्ट्याखाली, मुरमापर्यंत नेतात किंवा तळाशी कंद असलेले खांब जमिनीत उतरवतात.

शेतात मात्र हे नाटक नळीत न होता दीड-दोन मीटर खोलीत होते आणि ते पाहायचे तर खड्डा घ्यावा लागतो. सीना किंवा भीमेच्या खोऱ्यातल्या एखाद्या भारी जमिनीत, एप्रिलच्या अखेरीस, माणूस उभा राहील एवढा खड्डा घेतला आहे असे समजू. वरची पाच-सात सेंटीमीटर माती मोकळी, दाणेदार आणि पायाखाली खसखसणारी लागते. तिच्याखालून उभ्या भेगा सुरू होतात. वर तीन-चार बोटे रुंद असलेली भेग खाली निमुळती होत मीटरभर जाते आणि तिच्यात वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, कधी ज्वारीची धसकटेही पडलेली दिसतात. साधारण अर्ध्या मीटरच्या खाली मातीचे मोठे पाचरीसारखे तुकडे लागतात. त्यांतला एखादा कुदळीच्या टोकाने हळूच उचलला, तर त्याची एक बाजू तेल लावून घोटल्यासारखी चकाकते आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे असतात. हे पृष्ठ आडवेही नसते आणि उभेही नसते, ते तिरके असते. ओली होऊन फुगलेली माती बाजूंनी दाबली जाते, तिला जागा मिळत नाही आणि शेवटी एक भाग दुसऱ्यावर घासत तिरका वर सरकतो, त्या घासण्याची ही निशाणी आहे. आणखी खाली पांढरट चुनखडीचे खडे लागतात आणि त्यांवर लिंबू पिळले, तरी बारीक बुडबुडे येतात.

या जमिनींना मृदावर्गीकरणात ‘वर्टिसॉल’ म्हणतात आणि हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. वरची माती भेगांतून खाली पडते, पावसात खालचा भाग फुगला की आत जादा झालेली माती वर ढकलली जाते आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, ही कल्पना त्या नावामागे होती. ती सुंदर आहे आणि काही अंशी खरीही आहे. तथापि खोलवरचा सेंद्रिय कर्ब वरच्यापेक्षा पुष्कळ जुना असल्याचे कार्बन कालमापनातून दिसून आले. माती खरोखर सतत उलटीपालटी होत असती, तर वरखाली वयाचा असा क्रम टिकला नसता. त्यामुळे आज भर आहे तो तिरक्या सरकण्यावर. वर्गीकरणाच्या अटीही त्याला अनुसरून आहेत: किमान ५० सेंटीमीटर खोलीपर्यंत प्रत्येक थरात ३० टक्के किंवा अधिक चिकणमाती, ठरावीक काळी उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा आणि खोलात ती चकाकणारी पृष्ठे किंवा पाचरीसारखे तुकडे. या अटींमध्ये रंगाचा उल्लेखही नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. काळी दिसणारी, पण अर्ध्या हातावर मुरूम लागणारी जमीन काळी असली, तरी वर्टिसॉल नव्हे.

आता आभाळाकडे वळू. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे आणि आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर आहे. ‘बेसाल्टपासून काळी माती होते’ हे शाळेत शिकवले जाते. पण मग सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात, त्याच बेसाल्टवर, लाल जांभा का? पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहिले, तर पायाखाली जांभ्याचे कवच असते आणि पसरणीचा घाट उतरून वाईला, सुमारे ६०० मीटर खाली, कृष्णाकाठी आले, तर काळी शेती सुरू होते. खडक दोन्हीकडे बेसाल्टच. जिथे पाऊस धो धो कोसळतो आणि पाण्याला वाहून जायला वाट असते, तिथे दगडातून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते. मागे उरतात लोहाची व ॲल्युमिनियमची संयुगे आणि केओलिनाइट. माथ्यावरचे जांभ्याचे कवच या क्रियेला लाभलेल्या अतिदीर्घ काळाचे फळ आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरला सरासरी सातशेच्या आसपास. सोलापूरच्या पावसाला दगड कुजवण्याइतका ओलावा देता येतो, पण सुटलेला चुना समुद्रापर्यंत नेण्याइतके बळ त्याच्यात नाही. तो चुना जमिनीतच राहतो, सामू (पीएच) ८ च्या आसपास टिकवतो आणि स्मेक्टाइटला जगवतो. खड्ड्यातले पांढरे खडे म्हणजे न वाहून गेलेला हाच चुना.

नुसते कमी पावसाचे प्रमाणही पुरेसे नाही. त्याची वर्षातली वाटणी महत्त्वाची. चार महिने ओल आणि त्यानंतर दीर्घ, कडक कोरडा काळ, हा मोसमी वाऱ्याचा क्रम नसता तर ही माती फुगली असती, पण भेगाळली नसती. सतत ओल्या राहणाऱ्या जागी स्मेक्टाइट असले, तरी भेगा आणि चकाकणारी पृष्ठे घडत नाहीत. सुदानमधला गेझिरा, ऑस्ट्रेलियातला डार्लिंग डाउन्स, टेक्सासमधली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ नावाची काळी जमीन हे प्रदेश एकमेकांपासून किती दूर आहेत! तरी या सर्व ठिकाणी ओल्या-कोरड्या ऋतूंचे आलटणे आहे आणि त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याच्या तक्रारी ऐकल्या, तर आपल्याकडच्याच वाटतील.

त्या तक्रारींतली पहिली म्हणजे वाफसा. ही जमीन कोरडी असताना ढेकूळ दगडासारखे, ओली असताना औत रुतणारी आणि या दोहोंमधला कामाजोगा काळ अगदी थोड्या दिवसांचा. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून धबधब्यासारखे खाली जाते. भेगा मिटल्या, की जमिनीचे तोंडच बंद होते आणि पाणी शिरण्याचा वेग जवळजवळ थांबल्यासारखा होतो. मग वर चिखल, उतारावरून गढूळ लोंढे आणि पीक पिवळे. सोलापूर, मंगळवेढा, अहिल्यानगरचा दक्षिण भाग या पट्ट्यात शेतकऱ्यांनी यावर शतकानुशतके जे उत्तर दिले ते मला अतिशय शहाणपणाचे वाटते. खरिपात जमीन रिकामी ठेवून कुळवत राहायचे, पाऊस जमिनीत साठवू द्यायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाफशावर पाभरीने शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा. एक मीटर खोल भारी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते आणि त्यावरच मालदांडी या शाळूच्या वाणाचे पीक फारसा पाऊस न होता फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. पीक उभे असताना भेगा पडू लागल्या, तर मुळे तुटतात आणि खालची ओल उडून जाते. म्हणून कोळप्याने वरची माती हलवून भेगांची तोंडे बुजवायची. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण या मातीच्या गुणधर्मातून आलेली आहे. जिथे पाऊस जास्त आणि सोयाबीनसारखे खरीप पीक घ्यायचे असते, तिथे रुंद वरंबा आणि सरी, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी ‘बीबीएफ’, उपयोगी पडते: जादा पाणी सरीतून निघते आणि मुळे वरंब्यावर श्वास घेतात.

तिसरी गोष्ट उतार. माझ्या मते जमीन विकत घेताना किंवा फळबाग लावताना सर्वांत कमी पाहिली जाणारी. लाव्हाचे थर एकावर एक साचले असल्याने दख्खनचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. सपाट माथ्यावर माती टिकत नाही, वीतभर खाली मुरूम किंवा कातळ लागतो. तिथून उतरू लागले, की माती हळूहळू खोल होते आणि ओढ्याच्या काठी ती दोन-तीन मीटरही भरते. पूर्व विदर्भात या क्रमाला स्वतंत्र नावे आहेत: उंचावरची खडेमिश्रित बरडी, तिच्याखालची उथळ खरडी, मग मोरंड आणि सर्वांत खाली भारी काळी कन्हार. अन्यत्र माळ, बरड, मध्यम, भारी असे म्हणतात. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी एकाच टेकडीवरची माती पायऱ्यापायऱ्यांनी वाचलेली होती.

हा क्रम घडतो तो दोन मार्गांनी. वरची बारीक माती पावसाबरोबर वाहून खाली साचते, हा डोळ्यांना दिसणारा मार्ग. दुसरा न दिसणारा: वरच्या दगडातून विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्यावाटे खाली येते आणि सखल भागात अडकते. उंचावर निचरा चांगला असल्याने क्षार निघून जातात, लोह उघडे पडते आणि माती तांबूस होते. खाली तेच क्षार स्मेक्टाइटला पोसतात आणि माती काळी राहते. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत चालत गेले, तरी तांबड्यातून काळ्यात जाणारा हा बदल दिसतो. नागपुरी संत्र्याची किंवा मोसंबीची बाग अतिशय भारी, खोल काळीत लावल्यास मुळे गुदमरतात आणि तीच बाग थोड्या वर, निचऱ्याच्या मध्यम जमिनीत सुखाने वाढते, याचे कारण रोपात शोधण्यापेक्षा उतारावर शोधावे.

सखल भागाला आणखी एक संकट असते. वरून येणाऱ्या पाण्याबरोबर सोडियमही येतो आणि निचरा नसल्याने तो तिथेच राहतो. कॅल्शियम चिकणमातीच्या कणांचे पुंजके बांधून ठेवतो, सोडियम ते फोडतो. पुंजके फुटले, की छिद्रे बुजतात, ओली माती लोण्यासारखी आणि सुकलेली विटेसारखी होते. हीच चोपण. सामू ८.५ च्या वर जातो. विनिमयक्षम सोडियम, म्हणजे चिकणमातीच्या पृष्ठांवर बसलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या घटकांतला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांवर गेला, की जमीन चोपण समजतात. पण स्मेक्टाइटी जमिनीत त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही निचरा कोलमडतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा हे निसर्गाने घडवलेले उदाहरण. सांगली-शिरोळकडची कृष्णाकाठची क्षारपड आणि नीरा कालव्याखालची बिघडलेली जमीन यांत मात्र माणसाचा हात मोठा आहे: उसाला पाट भरभरून पाणी, खाली निचऱ्याला वाट नाही, पाण्याची पातळी वर येते आणि बाष्पीभवनाबरोबर वर मीठ फुटते. जिप्सम टाकले, की सोडियमची जागा कॅल्शियम घेतो. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर किंवा भूमिगत निचरा नळ्या नसतील, तर ते सर्व जिप्सम वाया जाते. एकेकाळी गावातली सर्वांत महाग असलेली, ओढ्याकाठची, सर्वांत खोल काळी जमीन सर्वांत आधी पड पडते, हे पाहताना फार वाईट वाटते.

म्हणून मातीचा नमुना तपासणीला देताना शेताचा उंच आणि सखल भाग यांची माती एकत्र करू नये. सरासरीचा जो आकडा येईल तो दोन्हींपैकी कुठल्याच जागेचा नसेल. मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशी बारा मापे असतात आणि ती वरच्या वीतभर मातीवरून काढलेली असतात. मुरूम किती खोल आहे, मीटरभर खाली चुनखडी आहे की चोपण थर, पाणी कोणीकडे निघून जाते, यांतले काहीच त्यांत नसते. उन्हाळ्यात एकदा शेताच्या वरच्या टोकाला आणि एकदा खालच्या टोकाला छातीएवढा खड्डा घ्यावा, टेप लावून मुरमाची आणि चुनखडीची खोली मोजावी आणि ते दोन आकडे, उताराच्या दिशेसह, त्याच पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने लिहून ठेवावेत.